निर्वंश भाजीचा नैवेद्य

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम् रस्त्याच्या अंगाने वाढलेल्या पेरुंगुडी या उपनगरात संगणकाच्या नोकरीनिमित्त जी मराठी कुटुंबे येऊन राहिली आहेत, त्यांच्याकडे देशावरून वडीलधारी माणसे मुक्कामाला येतात तेव्हा सामानात गोडा मसाला आणि पंचांग यांच्या जोडीने काही प्रश्नही येतात, आणि ते बहुधा असे असतात की ज्यांचे उत्तर त्या घरातील पदवीधरांपाशी नसते. अशाच एका आजींनी द्वादशीच्या सकाळी पारण्याच्या भाजीसाठी चिरायला घेतलेल्या कोबीच्या गड्ड्याकडे पाहून मला विचारले, "अहो, नातू म्हणतो हल्लीच्या कोबीचा वंशच बुडवलेला असतो. मग ज्याचा वंश आपण बुडवला, त्याचीच भाजी देवापुढे ठेवायची, हे कसं काय?"

त्यांच्या तमिळ शेजारणीच्या घरी हा प्रश्न निदान श्राद्धाच्या दिवशी उद्भवला नसता. कारण तिकडच्या कर्मठ घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला कोबी, फुलकोबी, गाजर या 'इंग्लिश' भाज्यांचा मुळातच मज्जाव आहे, आणि भाजीवालेही 'नाट्टु' आणि 'इंग्लिश' असा भेद आजतागायत बोलून दाखवतात. परकीय म्हणून एखादी भाजी वर्ज्य करणे सोपे आहे. तिच्या जन्मकथेत काही अन्याय घडला आहे काय हे पाहून ती वर्ज्य करणे अवघड, कारण त्यासाठी आधी जन्मकथा ठाऊक असावी लागते. आणि नातवाने आजीला सांगितलेली जन्मकथा अर्धी खरी होती.

संकरित बियाणे करायचे म्हणजे एका वाणाच्या फुलावर दुसऱ्या ठरावीक वाणाचेच पराग पडतील आणि त्याचे स्वतःचे पडणार नाहीत, असा बंदोबस्त करायचा. कपाशीत हा बंदोबस्त मजूर बायांच्या बोटांनी होतो: उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज संध्याकाळी खुडून टाकायचे आणि दुसऱ्या सकाळी त्या फुलाला परक्या फुलाचे पराग लावायचे. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा आणि मोहरी यांच्या कुळात मात्र फूल चार पाकळ्यांचे, नखाएवढे, आणि एका शेंगेत दाणे इनमिन दहा-वीस. तेथे असली मजुरी बियाण्याच्या मोलाला कधीच पुरून उरणार नाही. या कुळातील पुष्कळ पिकांना आपलेच पराग नाकारण्याचा जन्मजात स्वभाव आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास जपानी बीजोत्पादकांनी त्याच्याच आधाराने कोबीचे संकर बाजारात आणले. पण हा स्वभाव हवामानाने आणि फुलाच्या वयाने ढिला पडतो, आणि ढिल्या पडणाऱ्या स्वभावावर कोणी शहाणा व्यापारी फार काळ भांडवल घालत नाही. म्हणून शोध सुरू झाला तो अशा झाडाचा, की ज्याच्या परागकोशात कार्यक्षम पराग धरतच नाहीत आणि ज्याचे स्त्रीकेसर मात्र निरोगी आहे. याला कृषिशास्त्रात नरवंध्यत्व म्हणतात.

अरणच्या सावता माळ्याने आपल्या मळ्यातील ज्या भाज्यांत पांडुरंग पाहिला त्यांत कांदा आहे आणि मुळाही आहे. पंढरीची वारी न करता वाफ्यालाच पंढरी मानणाऱ्या या संताच्या गावी खुद्द विठ्ठलाची पालखी जाते, हा मान वारकरी परंपरेत फार थोड्यांच्या वाट्याला आला. योगायोग असा, की भाजीपाल्यातील नरवंध्यत्वाचा इतिहास मुख्यतः याच दोन पिकांच्या वाफ्यांत घडला. 1925 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना 'इटालियन रेड' जातीच्या कांद्यात एक झाड असे आढळले की ज्याच्या गोंड्यात स्वपरागाने बी धरेना. गोंड्यातच आलेल्या चिमुकल्या कंदांमुळे तेवढे ते झाड पुढे टिकले, आणि त्यातून संकरित कांद्याचा सारा पसारा उभा राहिला. मुळ्याची पाळी 1968 साली आली. जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा येथे हिरोशी ओगुरा यांना मुळ्याच्या एका स्थानिक पिकात तसलेच पराग न धरणारे झाड सापडले, आणि त्यांचे नाव आज कोबीच्या बहुसंख्य संकरित वाणांच्या वंशावळीत अदृश्यपणे लिहिलेले आहे. दोन्ही ठिकाणी माणसाने काही केलेले नव्हते. निसर्गाने केलेले त्याने पाहिले आणि उचलले.

उचलल्यानंतर मात्र त्याने पुष्कळ केले. मुळ्याचा हा गुण कोबीत आणण्यासाठी फ्रान्समध्ये बॅनरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 नंतरच्या दशकात मुळ्याला आई आणि कोबीला बाप केले, आणि पिढ्यामागून पिढ्या त्याच बापाशी संकर करीत असे झाड घडवले की ज्याचे केंद्रक कोबीचे आणि पेशीतला उरलेला संसार मुळ्याचा. हा संसार सुखाचा झाला नाही. थंडी पडली की पाने पिवळी पडत, कारण मुळ्याच्या हरितलवकांचे कोबीच्या केंद्रकाशी जमेना. फुलांत मकरंदही उणा, त्यामुळे मधमाश्या पाठ फिरवीत, आणि जिच्यावर सारे परागवहन अवलंबून तीच माशी येईना म्हटल्यावर त्या झाडाचा उपयोग काय? पुढे 1983 साली पेलेतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोबीच्या नात्यातल्याच रेपसीडमध्ये, दोन झाडांच्या पेशींची भिंत विरघळवून त्यांचा संयोग घडवला, आणि त्यातून हरितलवके एकाची पण वंध्यत्वाचा गुण दुसऱ्याचा अशी झाडे निवडून काढली. कोबी आणि फुलकोबीतील दोष पुढे याच मार्गाने दुरुस्त झाला.

जर्मनीत उगम पावलेल्या आणि रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924 च्या व्याख्यानांना आपले मूळ मानणाऱ्या डेमेटर या सेंद्रिय शेतीच्या संप्रदायाचा याच पेशीसंयोगाला विरोध आहे आणि अशा वाणांना त्यांच्या शिक्क्याखाली जागा नाही. त्यांचा आक्षेप वंध्यत्वाला नाही, पेशीच्या अखंडत्वाचा भंग करण्याला आहे. तो आदराने ऐकून घेण्यासारखा आहे. पण जो संयोग फुलातून झाला तर धर्म्य आणि काचेच्या बशीत झाला तर अधर्म्य, असा निवाडा मला पटत नाही, कारण त्यात कृत्यापेक्षा स्थळाला अधिक महत्त्व येते.

आता मूळ प्रश्न. वंश बुडवला, हे आजींचे म्हणणे कितपत खरे आहे? ओगुरा पद्धतीच्या वंध्यत्वाचे मूळ केंद्रकात नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या ज्या तंतुकणिका, त्यांच्यातील एका लहानशा जनुकात ते आहे. शास्त्रज्ञ त्याला 'ऑर्फ 138' अशा रुक्ष नावाने ओळखतात. तंतुकणिका अपत्याला येतात त्या केवळ आईच्या अंडपेशीतून; परागकणाबरोबर त्या पुढच्या पिढीत जात नाहीत. तेव्हा तंतुकणिकेच्या बाजूने पाहिले तर परागनिर्मिती हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे, आणि तो वाचवून बियाकडे वळवणारे जनुक तिच्यात उद्भवले तर ते टिकून राहण्यास सबळ कारण आहे. याच्या उलट केंद्रकातील जनुकांचा निम्मा वारसा परागातून जातो; ती गप्प बसत नाहीत. त्यांच्यात कालांतराने असे प्रतिजनुक उद्भवते की जे त्या आज्ञेला निष्प्रभ करून पराग पुन्हा धरायला लावते. मुळ्यात असे प्रतिजनुक आहे. 2003 साली फ्रान्स, कॅनडा आणि जपान येथील संशोधकांनी ते स्वतंत्रपणे हुडकून काढले. हा कलह प्रयोगशाळेने लावलेला नाही. डार्विनने 1877 च्या आपल्या ग्रंथात रानातील थाइमची केवळ मादीफुले धरणारी झाडे वर्णिली आहेत, ती अशाच कलहाची साक्ष देतात.

हे वाचताना मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाची आठवण होणे अपरिहार्य आहे. बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद तेथे एखाद्या महसुली कज्ज्यासारखा चालतो: दुसऱ्याच्या शेतात कोणी बी टाकले, दुसऱ्याच्या गाईला कोणाचा वळू लागला, तर फळ कोणाचे? प्रथम बीजाची थोरवी गाऊन झाल्यावर निवाडा मात्र असा होतो, की बीजवाला आणि क्षेत्रवाला यांच्यात आधी करार झालेला नसेल तर फळ क्षेत्राच्या धन्याचे. स्मृतिकारांना मालकी ठरवायची होती आणि त्यांचे क्षेत्र मुकाट होते. ज्याने बी टाकले त्याच्याशी क्षेत्र स्वतःहून काही बोलेल, ही कल्पना त्या साऱ्या वादात नाही. ओगुरांच्या मुळ्यात क्षेत्र बोलते. ते बीजवाल्याचा नर-वारसा अडवते, आणि तो अडवण्याचा हुकूम लेकीच्या लेकीला देत राहते. स्त्रीला क्षेत्र म्हणून बाजूला काढणाऱ्या त्या साऱ्या चर्चेला याहून मार्मिक उत्तर कोणत्याही सुधारकाने दिलेले नाही, असे मला वाटते. परंतु वनस्पतींच्या साक्षीने माणसांचे खटले चालवू नयेत हे पथ्य पाळून मी येथेच थांबतो.

तेव्हा वंश बुडाला असे म्हणता येत नाही. नरवंध्य झाडाला बी येते. शेजारी पराग देणारे झाड असले की भरपूर येते. बुडते ती परागाची वाट. ही वंध्य ओळ पुढे चालवण्यासाठी बीजोत्पादक तिच्या शेजारी तिच्याचसारखे केंद्रक असलेली पण निरोगी पेशीद्रव्याची दुसरी ओळ लावतात, आणि तिच्या परागावर वंध्य ओळीचे बी दरसाल धरून घेतात. महाभारतात किंदम ऋषीच्या शापाने पंडूची नेमकी हीच गत झाली होती. स्त्रीसंगाने मृत्यू, असा तो शाप. वंश मात्र थांबला नाही, कारण कुंती आणि माद्री यांच्या ठायी देवांच्या बीजाने पाच पुत्र झाले आणि ते पंडूचे क्षेत्रज पुत्र म्हणून मान्यही झाले. पांडवांच्या जन्माबद्दल ज्यांनी कधी नाक मुरडले नाही, त्यांनी कोबीच्या जन्माबद्दल मुरडावे, याला धर्मशास्त्राचा आधार सापडणे कठीण आहे.

पण पंडूच्या शापाला उःशाप नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. आपल्या पुराणकारांची न्यायबुद्धी सामान्यतः शाप देऊन थांबत नाही. ज्याने शाप दिला तोच, थोडा निवळल्यावर, किंवा क्वचित दुसरा कोणी, त्याची मुदत किंवा सुटकेची अट सांगतो. त्याच महाभारतात उर्वशीने अर्जुनाला षंढत्वाचा शाप दिला, आणि इंद्राने त्याला एका वर्षाची मुदत घालून तो अज्ञातवासात भोगावा अशी तजवीज केली. विराटाच्या अंतःपुरात बृहन्नडेला त्या शापाचा उपयोगच झाला आणि वर्ष सरताच अर्जुन होता तसा झाला. जेथे उःशाप नाही तेथे कथेतही एक जडपणा येतो. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात उमेने देवांना स्वपत्नींच्या ठायी निःसंतान राहण्याचा शाप दिला आहे आणि त्याला मुदत नाही. ती कथा कीर्तनकार सहसा रंगवीत नाहीत.

नरवंध्यत्वाच्या विद्येत शाप आणि उःशाप यांची जोडी आहे, आणि ती कोठे पुरी केली जाते व कोठे अर्धी सोडली जाते, यातच या साऱ्या प्रकरणाचे नैतिक मर्म आहे असे माझे मत आहे. मोहरी घ्या. मोहरीत शेतकऱ्याला हवा असतो तो दाणा. संकरित मोहरी शेतात वंध्यच राहिली तर परागाअभावी शेंगा भरणार नाहीत आणि शेतकरी बीजवाल्याच्या दारात फिर्याद घेऊन येईल; म्हणून मोहरीत बाप म्हणून जी ओळ घेतात तिच्यात वंध्यत्व उठवणारे प्रतिजनुक, म्हणजे उःशाप, असावेच लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत श्याम प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरिकँडिया नावाच्या रानटी झाडाचे पेशीद्रव्य मोहरीत आणले आणि त्यातून आलेले वंध्यत्व उठवणारे जनुकही त्याच रानटी झाडातून आणले; 1998 साली हे काम प्रसिद्ध झाले, आणि भरतपूरच्या मोहरी संशोधन केंद्राचा एन.आर.सी.एच.बी. 506 हा संकरित वाण याच जोडीवर उभा आहे. ज्याचा शाप त्याचाच उःशाप, हा पुराणांतला दंडक येथे शब्दशः पाळला गेला.

त्याहून विलक्षण कथा दिल्ली विद्यापीठातील दीपक पेंटल यांच्या संकरित मोहरीची, डी.एम.एच. 11 ची आहे. 1990 साली बेल्जियम आणि अमेरिका येथील संशोधकांनी दाखवून दिले होते, की बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स या मातीतल्या जिवाणूचे 'बार्नेज' हे जनुक फुलाच्या परागकोशात, परागांना पोसणाऱ्या आतल्या थरापुरतेच, चालू केले तर तो थर अवेळी मरतो आणि पराग धरत नाहीत. बार्नेज हे जहाल विकर आहे. पेशीतील आरएनएचे ते तुकडे करते. मग ते घडवणारा जिवाणू स्वतः कसा जगतो? तो आपल्यापाशी 'बार्स्टार' नावाचे दुसरे प्रथिन ठेवतो, जे बार्नेजला मिठी घालून निकामी करते. जिवाणूच्या या स्वसंरक्षणाचाच संशोधकांनी 1992 साली उःशाप केला: आईत बार्नेज, बापात बार्स्टार, आणि दोघांच्या संकरात पराग पुन्हा धरतात. पेंटल यांच्या गटाने ही युक्ती भारतीय 'वरुणा' आणि पूर्व युरोपीय वंशाच्या 'अर्ली हीरा' या मोहऱ्यांवर चालवली. या वाणाला जनुक-अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने 2017 आणि पुन्हा 2022 साली अनुकूल शिफारस दिली, आणि 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती करोल यांचा त्यावर मतभेद झाला. राष्ट्रीय धोरण ठरवावे, यावर मात्र दोघांचे एकमत होते. त्या वादाचा भर तणनाशक सहन करणाऱ्या तिसऱ्या जनुकावर आणि सुरक्षेच्या तपासणीवर आहे. तो भर योग्य ठिकाणी आहे असे मला वाटते. मोहरीच्या फुलाला नर असावा की नसावा हा प्रश्न तेथे आता उरलेलाच नाही, कारण उःशाप दिलेला आहे.

आणि कोबी? कोबीत आपल्याला दाणा नको, पाने हवीत. फूल येण्यापूर्वीच गड्डा कापला जातो. म्हणून कोबीच्या संकरात उःशापाची गरज कोणाला भासली नाही. वंध्य आईची संकरित लेकही वंध्य, आणि ती तशीच बाजारात येते. मोहरीला आपण क्षमा केली ती आपल्या फोडणीसाठी, कोबीला केली नाही कारण आपले अडले नव्हते.

यावर एक जैन गृहस्थ मला म्हणाले, की मुळात शापच देऊ नये. त्यांच्या आचारग्रंथांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत निर्लांछन कर्म, म्हणजे जनावरे खच्ची करण्याचा धंदा, स्पष्ट शब्दांत आहे. वनस्पतीही एकेंद्रिय जीव, मग हे निर्लांछन नव्हे काय? हा आक्षेप बळकट आहे, कारण तो भावनेवर न बसता एका सुसंगत जीवविचारावर बसला आहे. आपल्या कुणबी परंपरेने हा पेच निराळ्या तऱ्हेने सोडवला: ज्या बैलाला खच्ची केले त्यालाच पोळ्याच्या दिवशी बाशिंग बांधून पुरणपोळी चारली, आणि त्या पूजेत कृतज्ञता किती आणि प्रायश्चित्त किती हे कधी वेगळे काढले नाही. जैन गृहस्थांना मी उत्तर दिले ते असे. बैलाला वेदना होते. शरीर पूर्ण असताना त्याचा भंग होतो. नरवंध्य झाड तसेच जन्माला येते, त्याच्यापासून काही हिरावलेले नसते. परागांना पोसणारा तो थर निरोगी फुलातही आपले काम संपले की मरतोच. येथे तो आधी मरतो, इतकेच. अपत्याची आस ही आईबापांची भावना आहे, फुलाची नव्हे, आणि ती फुलावर लादून त्याच्या वतीने दुःख करणे हा दयेचा नव्हे, कल्पनेचा अतिरेक आहे. त्यांचे समाधान झाले नाही. आजींचे मात्र झाले. त्यांनी लसणीचा दाखला स्वतःहून दिला, की लसणीला तर बी येतच नाही, पाकळीवरच तिचा संसार चालतो, आणि तिला कोणी निर्वंश म्हणत नाही. नैवेद्याचा प्रश्न तेथे मिटला.

माझा मिटला नाही. कारण झाडाची हानी झाली नसेल, पण हानी झालीच असेल तर ती कोणाची, हे पाहणे बाकी होते. पेरुंगुडीला लागूनच तरमणी आहे, आणि तेथे एम. एस. स्वामिनाथन यांनी 1987 चे पहिले जागतिक अन्न पारितोषिक मिळाल्यावर 1988 साली उभी केलेली संशोधन संस्था आहे. संकरित आणि ठेंगण्या वाणांच्या हरितक्रांतीचे अग्रणी असलेल्या याच शास्त्रज्ञाने जानेवारी 1968 मध्ये वाराणसीच्या विज्ञान परिषदेत, स्थानिक वाणांची जागा एकदोन नव्या वाणांनी घेतली तर रोगराईचे गंभीर परिणाम ओढवतील, असे बजावले होते. पुढे तसे घडलेही. 1970 साली अमेरिकेत, ज्या एका पेशीद्रव्यावर बहुतांश संकरित मक्याची नरवंध्यता उभी होती, त्याच पेशीद्रव्याला चावणाऱ्या बुरशीने सुमारे 15 टक्के पीक नेले. आपल्याकडे 'टिफ्ट 23 ए' या एका अमेरिकी मादी वाणावर संकरित बाजरीचा सारा डोलारा उभा होता, आणि सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात गोसावी रोगाने तो दोनदा खाली आणला. नगर-नाशिककडच्या ज्या शेतकऱ्यांनी त्या वर्षांत शेतात कणसाऐवजी पानांचे झुबके पाहिले, त्यांना एकाच आईच्या लेकी गावभर नांदवण्यातला धोका पुस्तकावरून शिकावा लागला नाही.

कोबीच्या बाबतीत शेतकऱ्याची बी राखण्याची वहिवाट बुडाली, अशी तक्रार मी ऐकतो. ती आपल्या प्रांतापुरती टिकणारी नाही. कोबीला फुलोऱ्यावर येण्यासाठी लांब, कडक थंडी लागते. दख्खनच्या हिवाळ्यात बहुतेक कोबी गड्ड्यापुढे जातच नाही, आणि म्हणून नाशिक-पुण्याच्या माळ्यांनी कोबीचे बी पूर्वीपासून विकतच आणले, मग ते कुलू खोऱ्यातल्या कटराईन येथील संशोधन केंद्राकडचे असो वा परदेशातले. जे कधी हाती नव्हते ते गेले असे म्हणण्यात अर्थ नाही. मुळा आणि मोहरी यांची गोष्ट निराळी. परसातला एखादा मुळा डिंगऱ्यांसाठी सोडणाऱ्या आणि त्यातलेच बी पुढच्या सालाला राखणाऱ्या बाईची वहिवाट खरी आहे आणि ती राखण्यासारखी आहे.

कोबीत ज्याची हानी होते तो पुढचा पैदासकार आहे. आपल्याकडे 2001 साली वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला, आणि त्याच्या मसुद्यापूर्वीच्या चर्चेत तरमणीच्या संस्थेचा वाटा होता. या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापाशिवाय विकण्याचाही हक्क दिला. संशोधकाला नोंदलेला वाण नव्या वाणाचा आरंभ म्हणून वापरण्याची मुभा दिली. आणि 3 मार्च 1998 रोजी अमेरिकेत ज्याचे पेटंट निघाले त्या 'टर्मिनेटर' जातीच्या, पुढच्या पिढीचे बी मारून टाकणाऱ्या तंत्राला नोंदणीची दारे बंद केली. नरवंध्य संकर हा टर्मिनेटर नव्हे. त्याचे बी मरत नाही. पण ओगुरा पेशीद्रव्याचा उत्तम कोबी एखाद्या तरुण पैदासकाराने बाजारातून आणून फुलवला, तर त्याची पुढची प्रत्येक पिढी आईच्या बाजूने वंध्यच निघेल. आणि त्या कोबीला बाप म्हणून घ्यावे, तर पराग नाहीत. कायद्याने दिलेली मुभा झाड नाकारते. कायदा आणि झाड यांचे असे जमेना झाले की फायदा तिसऱ्याचा होतो, आणि तो तिसरा कोण हे बियाण्याच्या पाकिटावर छापलेले असते.

याला उःशाप नाही असे नाही. 2016 च्या सुमारास बीजिंगच्या कृषी विज्ञान अकादमीतील संशोधकांनी मुळ्यातले ते प्रतिजनुक रेपसीडमार्गे कोबीत आणले, आणि त्यांचा उघड हेतू हाच होता की वंध्य म्हणून कुलूपबंद झालेले संकरित वाण पैदाशीसाठी पुन्हा खुले व्हावेत. म्हणजे शापातून सुटका शक्य आहे, फक्त ती ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे मिळते. मोहरीला बाजाराने दिली, कोबीला एका मोठ्या राष्ट्राच्या अकादमीने, आणि ज्याच्यापाशी ना बाजार ना अकादमी, त्याच्या वाट्याला पंडूचे प्राक्तन.

माझी सूचना दप्तरी स्वरूपाची आहे. आजही वाणाची नोंदणी मागणाऱ्याला आपल्या वाणात टर्मिनेटर जनुक नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि मूळ ओळींचे बी राष्ट्रीय जनुकपेढीत जमा करण्याची तरतूदही आहे. त्याच प्रतिज्ञापत्रात एक रकाना वाढवावा: वाण पेशीद्रव्यातल्या नरवंध्यत्वावर उभा असेल, तर ते वंध्यत्व कोणत्या जनुकाने उठते, आणि ते जनुक असलेल्या ओळीचे बी कोठे ठेवले आहे. ज्याच्यापाशी तशी ओळ असेल त्याने एक पुडी जास्त द्यावी. ज्याच्यापाशी नसेल त्याने रकान्यात 'नाही' असे लिहून खाली सही करावी, म्हणजे कोणत्या वाणांना उःशाप नाही याची यादी निदान सरकारच्या दप्तरात तयार होईल आणि कटराईनच्या केंद्राला कोणत्या कामाला आधी हात घालावा ते कळेल.